युनिट उडालंय

धाराशिव जिल्ह्यात भोंगा कधी आडदिवशी बिघडत नाही. वर्षभर तो देवळाच्या शिखराशेजारी तारेनं आवळलेला असतो, उन्हात तापतो, अवकाळीत भिजतो आणि अधूनमधून ‘पाणीपट्टी भरून ग्रामपंचायतीस सहकार्य करावे’ एवढं म्हणून गप्प बसतो. पण सप्त्याचा मांडव पडला, विणेकरी ठरले, आचाऱ्याला सांगावा गेला की पहिल्याच पहाटे, ऐन काकड्याला, त्याचा गळा बसतो. खाली भजनी मंडळ जीव तोडून गातंय आणि वरून येतंय ते नुसतं ‘खर्र... खर्र...’. मग ज्याचा विजेशी संबंध आकडा टाकण्यापुरताच आलेला आहे असा एखादा जाणता मान वर करून बघतो आणि निदान सांगतो, “युनिट उडालंय.”

या निदानाला गावात अपील नाही.

ज्यांच्या गावात भोंगा नाही अशा दुर्दैवी (किंवा सुदैवी) वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. भोंग्यात ऐवज दोन. पुढं पत्र्याचा पसरट कर्णा. तो सगळ्यांना दिसतो आणि म्हणून रंगवलेला असतो. मागं आट्यांवर फिरवून बसवलेला लोखंडी डबा, ते युनिट. खरं काम तिथं चालतं. त्यात एक मॅग्नेट, मॅग्नेटच्या गोल फटीत केसाएवढ्या तांब्याच्या तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटवलेला डायफ्राम. मशीनमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून, करंट आला की कॉइल थरथरते, डायफ्राम हवा ढकलतो आणि कर्णा ती ढकलाढकली शिवारापर्यंत नेतो. १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी अशाच कॉइलला कर्णा जोडला आणि त्याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या गर्दीला नाताळची गाणी ऐकवली. १९१९ मध्ये सॅन दिएगोला अध्यक्ष वुड्रो विल्सन त्यांच्याच यंत्रातून बोलले. म्हणजे जन्मल्याबरोबर सण आणि चौथ्या वर्षी पुढारी. भोंग्याची पुढची शंभर वर्षं तिथंच ठरून गेली. भूम-परंड्यापर्यंत यायला काय लागला असेल तो वेळ लागला.

आता कुणी शहरातला माणूस म्हणेल, एवढं काय त्यात, नवा आणा. मिळतो की! तालुक्याच्या दुकानात नवा कोरा भोंगा युनिटसकट टांगलेला असतो. पण आमच्या भोंग्यावर नाव आहे. ‘कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ, चिरंजीवांकडून देवस्थानास सप्रेम भेट’ आणि खाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिलं बरं पीक आलं त्या वर्षीचं हे दान, असं म्हातारे सांगतात. भोंगा भंगारात घालायचा म्हणजे त्या कैलासवासी माणसाला दुसऱ्यांदा पोचवायचं. ती हिंमत अजून कुठल्या सरपंचानं केलेली नाही.

वास्तविक त्या भोंग्यात मूळचं काय उरलंय, हा प्रश्नच आहे. युनिट किती वेळा बदललं त्याचा हिशेब नाही. कर्ण्याचं तोंड एकदा वानराच्या उडीनं चेपलं, तेव्हा नवं बसवलं. मधला नळ गंजला म्हणून शेजारच्या गावच्या निकामी भोंग्याचा काढून घातला. क्लँप लोहारानं घडवला. राहता राहिलं नाव. ते दर वेळी पेंटरला बोलावून जसंच्या तसं लिहून घेतलं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी धाराशिव झालं, तेव्हा पेंटर पुन्हा शिडीवर चढला. ‘उस्मानाबाद’च्या जागी ‘धाराशिव’ लिहिलं तर बरीच जागा उरली. उरलेल्या जागेत त्यानं आपला मोबाइल नंबर टाकला. एवढं सगळं होऊनही गाव त्याला ‘आज्याच्या टायमाचा भोंगा’ म्हणतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तर दुरुस्ती. पहिला मुक्काम तालुक्याचा मिस्त्री. हा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत असतो. दाराशी ‘रेडिओ, टेप, टी. व्ही. दुरुस्ती’ अशी पाटी, त्यातल्या दोन गोष्टी जगातून गेलेल्या आणि तिसरी भिंतीला चिकटून बसलेली. आत सोल्डरचा वास, पोटं उघडी टाकलेली मशिनं आणि फळीवर मर्फीचा एक रेडिओ, ज्याचा मालक ‘सोमवारी नेतो’ म्हणून गेला तो वारला. ठाण्याचा मर्फीचा कारखाना बंद पडून जमाना झाला, पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढायचे दिवस संपले, पण पावतीशिवाय वस्तू हातात द्यायची नाही हा मिस्त्रीचा नियम कायम आहे. म्हणून तो रेडिओ अजून तिथंच आहे.

“बप्पा, युनिट उडालंय.”

“कुणी सांगितलं?”

“समदेच म्हणूलालेत.”

“मंग मला कशाला इचारूलालाव?”

एवढं झाल्यावर बप्पा चहा सांगतात आणि कामाला लागतात. टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल काढतात, दोन तारा युनिटच्या टोकांना टेकवतात आणि कान जवळ नेतात. ‘टक्’ झालं तर कॉइल जिवंत. बरेचदा ‘टक्’ होतं, आणि मग कळतं की युनिट बिचारं ठणठणीत आहे, कर्ण्याच्या नळीत कुंभारणीनं मातीचं घर केलंय. ही माशी कुठल्याही इंजिनिअरला जमणार नाही अशा सफाईनं भोंगा बंद करते. खिळ्यानं माती टोकरून काढायची, फुंकर मारायची, काम संपलं. पण हे मंडळींना आवडत नाही. जीप करून, चार जण मिळून, एवढ्या लांब आलो ते एका माशीसाठी? गावात जाऊन काय सांगायचं? बप्पांना हे माहीत आहे. ते शांतपणे म्हणतात, “युनिटच उडालं व्हतं. बशिवलं.” आणि पैसे घेत नाहीत. त्यामुळं मंडळींचा संशय आणखी वाढतो.

‘टक्’ झालं नाही, तर मात्र डबा उघडावा लागतो. आत जळकी कॉइल, काळा पडलेला डायफ्राम. बप्पा मॅग्नेटला कुणाला हात लावू देत नाहीत. “असलं मॅग्नेट आता येत न्हाई,” हे वाक्य मी धाराशिवला ऐकलंय, कळंबला ऐकलंय, उमरग्याला ऐकलंय. आधी वाटायचं हे ‘आमच्या वेळी’छाप उसासे आहेत. पण त्यात तथ्य आहे. जुन्या स्पीकरांत अल्निकोची मॅग्नेटं असत, म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. कोबाल्ट यायचं मुख्यतः आफ्रिकेतल्या झाईरमधून, म्हणजे आजच्या काँगोमधून. १९७८ साली तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव आकाशाला भिडले आणि जगभरच्या स्पीकर कंपन्या स्वस्त फेराइटकडं वळल्या. अल्निकोचं आणखी एक आहे: त्याच्या लोखंडी चौकटीतून ते बाहेर काढलं की त्याची ताकद उतरते, परत बसवलं तरी पहिल्यासारखं होत नाही. बप्पांनी शाबाचं नाव ऐकलेलं नाही, पण हात लावणाऱ्याच्या मनगटावर पक्कड मारायची हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

आता डायफ्राम शोधायचा. इथून पुढं ही दुरुस्ती राहत नाही, तीर्थाटन होतं.

फुटका डायफ्राम प्रसादाच्या पुडीत बांधून माणूस सोलापूरला जातो. दुकानदार पुडी न सोडताच विचारतो, “नंबर?” आता नंबर कुठून आणायचा? युनिटवरचा कागद पावसानं कधीच नेला. मग बोटांनी माप दाखवायचं, ‘असं, एवढं, आन मधी असं उचललेलं’. दुकानदार तीन डबे पुढं टाकतो : ओरिजिनल, त्याच्याखालचं आणि ‘हे घेऊन जा, सप्ता निघतोय’. तिसराच खपतो. तो सप्त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो आणि काल्याच्या कीर्तनाला जातो. ज्याला खरंखुरं जुनंच पाहिजे त्याला पुण्याचा रस्ता दाखवतात, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. तिथून मुंबईचा लॅमिंग्टन रोड. उमरगा-लोहाऱ्याकडची माणसं सोलापूरला पाठ करून हायवेनं सरळ हैदराबाद गाठतात. कोटीच्या गुजराती गल्लीत उर्दूमिश्रित मराठी चालते आणि आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाकडं होता, त्यामुळं आजोबांच्या ओळखीनं भाव थोडा कमी होईल अशी एक भाबडी आशा असते. होत नाही.

लॅमिंग्टन रोडला गल्ल्यावर एक म्हातारे शेठ असतात. ते पुडी सोडतात, डायफ्राम उजेडात धरतात, प्रेमानं दोन्ही बाजूंनी बघतात आणि म्हणतात, “ये माल अब इधर किधर? गाँव में जाओ. पुराने मिस्त्री लोग के पास पडा होगा.”

आणि शेठचं खरं असतं. जुन्या वस्तूंचं हे गणित जगभर असंच चालतं. शहरातल्या दुकानाचं भाडं मोठं, तिथं न खपणारा माल टिकत नाही. तालुक्याच्या दुकानाला भाडंच नसतं, जागा वडिलार्जित. तिथं न खपलेला माल तसाच पिकत पडतो. शेवटी तो डायफ्राम सापडतो उमरग्यात, ज्यांनी धंदा कधीच सोडलाय अशा एका मिस्त्रीनानांच्या घरी, बिडीच्या बंडलांच्या डब्यात, सीलबंद. पण नाना लगेच देत नाहीत. आधी गाव कोणतं, मग कुणाच्यातले, मग मामाचं गाव कोणतं. तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. आमच्या जिल्ह्यात मामाचं गाव विचारल्यावर नातं निघालं नाही असं होत नाही. नातं निघालं की पंचाईत होते: पैसे द्यायचे कसे? नाना घेत नाहीत, आपण ठेवून उठतो, ते मागं पळत येऊन खिशात कोंबतात. भाव कळत नाही, वर जेवण करून निघावं लागतं, आणि दिवाळीनंतर नानांच्या नातवाच्या लग्नाला आहेर करून हिशेब मिटतो. लॅमिंग्टन रोडपेक्षा हे फार महाग पडतं.

घरातल्या स्पीकरांची गोष्ट निराळी. त्यांना नाव नसतं, पण आठवण असते, आणि तिला भावही असतो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडं ज्याच्या घरी डेक आला त्यानं सुताराकडून प्लायवूडचे बॉक्स करून घेतले, त्यांना रेक्झिन लावलं आणि पुढं लाल-हिरवे दिवे बसवले. ज्याला बॉक्स परवडले नाहीत त्यानं आठ इंची स्पीकर उचलून सरळ माठाच्या तोंडावर ठेवला. हसू नका. माठाच्या पोटातली हवा विशिष्ट सुराला घुमते, हे जर्मनीत हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात शास्त्रशुद्ध मांडलंय. त्या माठातून निघणारा बास असा होता की शेजारच्या घरातल्या फळीवरची भांडी आपापली जागा बदलायची. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांच्या जिल्ह्यात माठ चांगला मिळतो हा एक फायदा. त्याच तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहनांच्या वेळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. मातीची खेळणी शाबूत, हस्तिदंती बाहुली शाबूत. आणि इथं पंचवीस वर्षांपूर्वीच्या भारी स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुकटी होऊन खाली सांडतो. तो फोम हवेनं आणि दमटपणानं आपोआप सडतो, वाजवा न वाजवा. कागदी पडदा टिकतो, पण तो झुरळाला आवडतो.

हा पडदा बदलण्याचं काम मात्र बघण्यासारखं. बप्पा जुना पडदा ब्लेडनं कापून काढतात. मॅग्नेटच्या फटीत लोखंडाचा कीस अडकलेला असतो, कारण शेजारी ग्रीलचं वेल्डिंग वर्कशॉप असतं. चिकटपट्टीची घडी करून ती फटीतून फिरवतात, काळी होऊन बाहेर येते, परत नवी घडी. मग नवी कॉइल फटीत सोडायची. ही फट इतकी अरुंद की कॉइल तसूभर जरी एका अंगाला झुकली तरी घासते आणि गाणाऱ्याला पडसं होतं. ती मधोमध राहावी म्हणून बप्पा एक्स-रेची फिल्म कात्रीनं कापून त्याच्या पट्ट्या कॉइलच्या आत चारी बाजूंनी उभ्या सारतात. जाडी बरोबर बसते. मग कॉइलला धरून ठेवणाऱ्या स्पायडरला आणि कडेला गोंद, वर वजन, रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या ओढून काढल्या की पडदा बोटानं दाबून बघायचा; आवाज न होता आत गेला की जमलं. एकदा मी त्यांच्या हातातली एक पट्टी उजेडात धरून बघितली. बरगड्या होत्या.

“कुणाच्या हो?”

“आमच्या मेव्हण्याच्या. झाला आता बरा. पर फिलिम लई ब्येस निघाली.”

हल्ली पुण्या-मुंबईचे शौकीन जुन्या स्पीकरांच्या, रेडिओंच्या शोधात आमच्याकडं येतात. भंगारवाला तोच स्पीकर मॅग्नेटच्या वजनावर, किलोच्या भावानं नेत होता. पण चारचाकीतून उतरून कुणी ‘काका, तो जरा बघू का?’ म्हणालं की काकांचा कंठ दाटून येतो. “वडलांची आठवण हाय, द्यायचा नव्हता.” आठवणीची किंमत गाडीचं मॉडेल बघून ठरते. एकदा एका शौकिनानं हुशारी केली आणि गाडी वेशीबाहेर लावून चालत आला. त्याला दारातच बसवून पाणी दिलं आणि सांगितलं, शाळेतल्या बदलीच्या जागेवर आलात का, खोली आहे.

शौकिनांना भोंगा नको असतो. कारण भोंग्याला सूर नाही, फक्त पोच आहे. घरातला कागदी पडद्याचा स्पीकर शंभर वॅट खाऊन एक-दोन वॅटचा आवाज देतो, बाकीची ऊब. कर्ण्यामुळं भोंगा त्याच विजेत त्याच्या दहापट, वीसपट आवाज काढतो. पण साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं त्याला काही झेपत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर त्याच्या बराच खाली असतो, म्हणजे बोलणाऱ्याचा खर्ज वर शिखरावर पोचतच नाही. वरच्या सुरांवरून आपला कान तो अंदाजानं भरून काढतो. म्हणून भोंग्यातून कीर्तनकार, उमेदवार, लसीकरणाचा डॉक्टर आणि हरवलेल्या शेळीचा मालक हे चौघंही एकाच नाकातून बोलतात. मतदार पुढं कुणी काय आश्वासन दिलं होतं हे विसरतात, त्यात त्यांचा सगळा दोष नाही. कायदा म्हणाल तर २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद आणि वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. भोंगा मीटरभर अंतरावर शंभराच्या पुढं सहज जातो. शिवाय काकडा पहाटे असतो, आणि गावाचं म्हणणं काकडा २००० च्या आधीपासून आहे.

भोंगा का बिघडतो, याचं खरं कारण मात्र विजेत नाही, भावकीत आहे. पूर्वी देवळावर एक भोंगा होता. वरच्या आळीनं तक्रार केली, आमच्याकडं तोंड नाही. दुसरा लावला. मग खालची आळी, मग वस्ती. चार दिशांना चार भोंगे झाले. प्रत्येक युनिट सोळा ओहमचं. चार समांतर जोडली की मशीनपुढं चारच ओहम उरतात. इथपर्यंत आहुजाचं मशीन चालतं. (दिल्लीची ही कंपनी १९४० सालची, आमच्याकडं कुठल्याही मशीनला आहुजाच म्हणतात.) मग एका गटाची पंचायतीत सत्ता आली आणि त्यांनी आपल्या आळीकडं आणखी दोन भोंगे फिरवले. सहा भोंगे, अडीच-पावणेतीन ओहम. आतल्या थ्री झिरो डबल फाइव्ह ट्रान्झिस्टरांनी हे राजकारण जेमतेम एक हरिपाठ सोसलं. बप्पांनी समजावलं, दोन काढा, आवाज वाढंल. कोण काढणार? ज्या आळीचा निघेल ती मतदानाला निघेल.

यंदा आज्याच्या टायमाच्या भोंग्याचं युनिट खरोखरच गेलं. मॅग्नेटच तडकलं होतं. नवं युनिट आणायचे पैसे खालच्या आळीतल्या एका पुण्याला स्थायिक झालेल्या दाजींनी दिले आणि एवढंच म्हणाले, नाव टाका. आता युनिट कर्ण्याच्या मागं, भिंतीकडं तोंड करून. तिथं नाव लिहिलं तर वाचायला शिखरावर चढावं लागेल. म्हणून दाजींचं म्हणणं पडलं, पुढं कर्ण्यावरच टाका, आवाज तर आमच्याच युनिटचा आहे. कैलासवासींचे नातू उठून उभे राहिले. आवाज तुमचा असंल, पण बाहेर पडतोय आमच्या कर्ण्यातून! पेंटरनं दोन्ही नावं बसतील असं सांगितलं, फक्त त्याचा मोबाइल नंबर पुसावा लागेल, आणि त्याला तो तयार नाही. वर कुणाचं, खाली कुणाचं, यावर तर अजून बोलणंच झालेलं नाही. युनिट खोक्यात तसंच पडून आहे.

२००७ पासून सरकारनं गावागावांत तंटामुक्ती समित्या केल्या, त्यातली आमची अजून जिवंत आहे. प्रकरण तिच्यापुढं गेलंय. समितीच्या अध्यक्षांचं घर देवळाला लागून आहे, त्या भोंग्याच्या बरोबर समोर. त्यांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, विषय नाजूक आहे असं सांगितलं आणि पुढची तारीख दिली. ती सप्ता उलटून गेल्यानंतरची आहे.